रॅशनेल वाचलं की कळतंय, पण सोडवताना चुकतंय

या वेळचं पत्र कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका स्टाफ नर्सचं आहे. जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमानंतर पोस्ट बेसिक पदवी केलेली, सहा वर्षं आयसीयूत आहे, अमेरिकेत आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स व्हायला लागते त्या एनक्लेक्स आरएन परीक्षेची तारीख तीन महिन्यांवर आली आहे. ती लिहिते: ‘ताई, रोज शंभर प्रश्न सोडवते, नाईट करून आले तरी सोडवते. साधे प्रश्न बरे येतात पण केस स्टडी आली की सहापैकी तीन-चार चुकतात. मग रॅशनेल, म्हणजे उत्तरामागचं कारण, वाचलं की वाटतं, अरे हे तर मला माहीत होतं. रोज इतके सिरियस पेशंट सांभाळते तरी स्क्रीनवर का जमत नाही? मैत्रिणी म्हणतात नोकरी सोड आणि कोचीला जाऊन क्लास कर, घरचे म्हणतात तुझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून होतंय. काय करू?’

अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तूच लिहिलंयस, ‘हे तर मला माहीत होतं’. माहीत होतंच की. सहा वर्षं आयसीयूत काढलेल्या पोरीला शॉकमधे बीपी कमी होतं आणि नाडी वाढते हे कुणी शिकवायला नको. त्यामुळे अजून एक जाड पुस्तक घेतलं किंवा शंभराचे दीडशे प्रश्न केले तरी हे सुटणार नाही हे आधी मान्य कर. तुझं चुकतंय ते पेशंट बघून आत्ता काय चाललंय आणि पहिलं काय करायचं हे ठरवताना, आणि नेमकं हे ठरवणं तुझ्या रोजच्या प्रॅक्टिसमधे होतच नाहीये, कारण चार पर्याय समोर आले की तू त्यातला ओळखीचा वाटतो तो शोधायला लागतेस आणि तोच टिक करतेस.

परीक्षा काय मागते ते जरा नीट सांगते, कारण आपल्याकडे अजून बरेच जण जुन्या एनक्लेक्सच्या पीडीएफवर तयारी करताना दिसतात. १ एप्रिल २०२३ पासून पॅटर्न बदलला, नेक्स्ट जनरेशन म्हणतात तो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्या ८५ मधले १५ मार्कात धरतच नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून बघत असतात, पण कुठले ते तुला कळणार नाही म्हणून सगळे मन लावूनच सोडवायचे. उरलेल्या ७० मधे तीन केस स्टडी असतात, एकेकीत सहा प्रश्न, म्हणजे झाले १८. पेपर पुढे लांबला तर क्लिनिकल जजमेंटचे सुटे प्रश्न पण येतात, बो-टाय आणि ट्रेंड, ते पुढे सांगते. तेव्हा केस स्टडीत गेलं ते गेलं, बाकीच्यात भरून काढू, असा हिशोब कुणी सांगत असेल तर ऐकू नकोस.

आणि ते सहा प्रश्न उगाच सहा नाहीत. ही परीक्षा घेणाऱ्या एनसीएसबीएनने नर्सच्या डोक्यात निर्णय कसा तयार होतो त्याच्या सहा पायऱ्या धरल्यात आणि केसमधला एकेक प्रश्न एकेका पायरीवर बेतलेला असतो. रेकग्नाइज क्यूज म्हणजे खुणा ओळखणं, ॲनालाइज क्यूज म्हणजे त्यांचा अर्थ लावणं, मग प्रायोरिटाइज हायपोथेसिस म्हणजे कुठली शक्यता सगळ्यात वर, जनरेट सोल्युशन्स म्हणजे काय काय करता येईल, टेक ॲक्शन म्हणजे प्रत्यक्ष करणं, आणि इव्हॅल्युएट आउटकम्स म्हणजे केल्यावर फरक पडला का ते बघणं. तू बेडपाशी हे सगळं करतेसच, पण इतक्या सवयीने आणि इतक्या पटकन की कुठल्या पायरीवर काय केलं ते तुझं तुलाच कळत नाही. परीक्षा मात्र प्रत्येक पायरीवर थांबवून विचारते, आता सांग, आणि तिथं अडखळायला होतं.

आपण एक केस घेऊनच बघू, मी तुझ्यासाठी तयार केलीय. ६८ वर्षांचे आजोबा, हिपचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. सकाळपासून ठीक होते, आता एकदम दम लागलाय, बेचैन झालेत, श्वास घेतला की छातीत टोचतं म्हणतात. नाडी १२२, श्वास ३०, एसपीओटू म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन, बाहेरून ऑक्सिजन न लावता ८८, बीपी १०४/६४, ताप ९९.६, साखर १५८, ड्रेसिंग कोरडं, उजवी पोटरी सुजलेली, तीन दिवस संडास झाली नाही, ऑपरेशनच्या जागी दुखणं दहापैकी चार.

आता पर्याय झाक. खरंच झाक, स्क्रीनवर वही धर नाहीतर काहीही कर, पण पर्याय डोळ्याला दिसू देऊ नकोस आणि पुटपुट, मराठीत पुटपुट, जसं तू हँडओव्हर देताना पुढच्या सिस्टरला सांगतेस तसं. ‘आजोबांचं सॅच्युरेशन पडलंय, श्वास वाढलाय, नाडी वाढलीय, बेचैन आहेत, पोटरी सुजलीय, छातीत टोचतंय.’ बघ, साखर तू आपोआप सोडलीस, संडास पण सोडलीस. हीच पहिली पायरी. पण पर्याय उघडे असते ना, तर तिथं ‘तीन दिवस संडास नाही’ हे पण दिसलं असतं आणि ते काही खोटं नाहीये, पोस्टऑप पेशंटकडे ते बघावंच लागतं, म्हणून तुझा हात तिकडे गेला असता. प्रश्न आत्ता लगेच कशाकडे लक्ष द्यायचं हा आहे. आणि बेचैनी सोडू नकोस, वयस्कर माणूस आहे, नवीन जागा आहे, दुखत असेल म्हणून करतायत असं म्हणून ती आपण वॉर्डात सहज बाजूला टाकतो, पण ऑक्सिजन कमी पडायला लागल्याची ती लवकर दिसणारी खूण आहे.

दुसऱ्या पायरीला बहुतेक एक तक्ता येतो, आडव्या ओळीत खुणा आणि उभ्या रकान्यात तीन आजार, समजा पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, न्यूमोनिया आणि हार्ट ॲटॅक. कुठली खूण कशात बसते ते टिक करायचं. इथे एक खूण दोन-तीन आजारांत बसू शकते हे लक्षात ठेव, दम लागणं तिन्हीत बसतं, थोडासा ताप न्यूमोनियात बसतो तसाच एम्बोलिझममधेही येऊ शकतो. पण पोटरीची सूज एम्बोलिझमकडेच बोट दाखवते, आणि सगळं एकदम सुरू झालं हे न्यूमोनियाच्या चालीत बसत नाही. तिसऱ्या पायरीला मग विचारतात सगळ्यात आधी कशाची भीती धरायची, आणि आतापर्यंतचं तू नीट बोलली असशील तर इथे विचार करायलाच लागत नाही, हिपचं ऑपरेशन, झोपून असणं, सुजलेली पोटरी, अचानक दम, गुठळी फुफ्फुसात गेली.

चौथीला काय काय योग्य आणि काय घातक हे विचारतील. डोकं वर करणं, ऑक्सिजन, रॅपिड रिस्पॉन्स टीम बोलावणं, चांगली आयव्ही लाइन, सीटी अँजिओची तयारी, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची ऑर्डर येईल हे धरून चालणं, हे सगळं योग्य. पोटरी चोळणं घातक, आजोबांना उठवून चालवणं पण आत्ता नको. आपल्याकडे नातेवाईक तेल घेऊन पाय चोळायला बसतात ते तू रोज बघतेस, तेव्हा हा पर्याय तुला तरी चुकायला नको. पाचवीला ‘पहिलं काय’ विचारतील, तर डोकं वर आणि ऑक्सिजन, पेशंटला सोडून न जाता, आणि तिथूनच मदत बोलावायची. सहावीला कुठल्या गोष्टींवरून उपाय लागू पडला म्हणायचं, तर सॅच्युरेशन ९४ झालं, श्वास २० वर आला, बेचैनी कमी झाली. साखर १३० झाली हे पण चार्टमधे चांगलं दिसेल पण त्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध नाही. आणि हेपरिन सुरू झालं असेल तर ब्लीडिंग, प्लेटलेट, एपीटीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, याच्यावर नजर, उतारा प्रोटामाइन सल्फेट, हे तर तुला पाठच असेल.

एका केसला असं बोलत बोलत केलं की अर्धा तास जातो सुरुवातीला. जाऊ दे. एका दिवसात अशा दोनच केस झाल्या तरी तुझ्या शंभर प्रश्नांपेक्षा मला त्या जास्त मोलाच्या वाटतात. बरोबरीने साधे वीस-तीस प्रश्न कर, हात चालू राहायला. आणि नाईट करून आलेल्या दिवशी केस स्टडी अजिबात उघडू नकोस, झोप काढ, त्या दिवशी फार तर संध्याकाळी औषधांची उजळणी कर. झोपेत सोडवलेल्या प्रश्नांचे मार्क बघून तू स्वतःला कमी समजायला लागलीयस हे पत्रातून दिसतंय आणि ते मला फार खटकलं.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या सिस्टरना नडते. आपल्याला वर्षानुवर्षं सवय लागलेली असते, काही झालं की आधी आरएमओला म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला फोन, सरांना कळवते, सर येऊन बघतील. आपल्या कामाच्या पद्धतीत ते चूक नाही, तसंच शिकवलंय. पण एनक्लेक्समधे ‘नोटिफाय द प्रोव्हायडर’, म्हणजे डॉक्टरांना कळवा, हा पर्याय दिसला की हात आपोआप तिकडे जातो आणि मार्क जातो. रक्त लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पेशंटला थंडी वाजायला लागली, कंबर दुखायला लागली, ताप चढला, बीपी उतरतंय. फोन करायला गेलीस तेवढा वेळ ते रक्त आत जातच राहणार. आधी रक्त बंद, मग रक्ताचा सेट काढून त्याच आयव्हीला नव्या सेटने नॉर्मल सलाईन, व्हायटल, मग डॉक्टर आणि ब्लड बँक, पिशवी आणि सेट ब्लड बँकेला परत. तुझ्या अधिकारात असलेली आणि पेशंटला आत्ता सुरक्षित करणारी एखादी कृती पर्यायात आहे का, हे आधी शोधायचं.

पण याचाही नियम करून टाकू नकोस, की कळवणं कायम चूक. हाताला प्लास्टर आहे, पेनकिलर देऊन पण दुखणं वाढतच चाललंय, बोटं नुसती सरळ केली तरी कळ येते, मुंग्या येतायत. इथे हात उंच उशीवर ठेवणं, बर्फ लावणं, तासाभराने परत बघणं हे सगळे पर्याय वेळ घालवणारे आणि नुकसान करणारे, कंपार्टमेंट सिंड्रोममधे, म्हणजे आत दाब वाढून रक्तपुरवठा अडतो तेव्हा, लगेच कळवणं हेच उत्तर, कारण जे करायला हवं ते नर्सच्या हातात नाही. तसंच ‘अजून असेस करा’, म्हणजे अजून तपासून बघा, या पर्यायाचं. माहिती अपुरी असेल तर असेस करणं बरोबर, पण सॅच्युरेशन ८८ समोर लिहिलेलं असताना पुन्हा एकदा मोजून बघते म्हणणं हे न ठरवणंच झालं.

परीक्षेतलं हॉस्पिटल आपल्यासारखं नाही हेही डोक्यात ठेव. तिथे बेड आहे, ऑक्सिजन आहे, स्टाफ पुरेसा आहे, तीस पेशंटला दोन सिस्टर असा विचार करून उत्तर द्यायचं नाही. आणि जी कामं आपल्याकडे नातेवाईक किंवा मावशी करतात ती तिथे असिस्टिव्ह पर्सोनेलला म्हणजे मदतनीसांना सोपवता येतात, पण कुठली हे कळायला हवं. स्थिर पेशंटला आंघोळ घालणं, चालवून आणणं, इनटेक-आउटपुट लिहिणं चालतं. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा तोंडाने खायला देणं चालत नाही, कारण गिळता येतंय का हे बघणं ही असेसमेंट आहे आणि असेसमेंट, शिकवणं, फरक पडला का ते ठरवणं ही आरएनची कामं, ती सोपवायची नाहीत. आपल्याकडे मुलगा चमच्याने पेज भरवत बसलेला आपण बघतो आणि म्हणून हा प्रश्न चुकतो.

आता वहीचं सांगते. तू चुकलेल्या प्रश्नांची वही करतेस असं लिहिलं नाहीस, पण करत असशील तर बहुतेक टॉपिकप्रमाणे करत असशील, कार्डियाक, रीनल, ओबीजी. ते बंद कर. प्रत्येक चुकीपुढे सहातली कुठली पायरी सटकली ते लिही आणि एका ओळीत का ते. म्हणजे ‘खूण दिसलीच नाही’, किंवा ‘खूण दिसली पण अर्थ चुकला’, किंवा ‘आजार बरोबर ओळखला पण पहिलं काम चुकलं’. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हीचे उपाय वेगळे. आठवडाभर असं लिहिलंस की दिसेल, चुका सगळीकडे विखुरलेल्या नसतात, एक-दोन पायऱ्यांवरच गर्दी असते. माझ्या बघण्यात आयसीयूतल्या मुलींची गर्दी बहुतेक पहिल्या आणि पाचव्या पायरीवर असते, पहिल्यावर कारण मॉनिटरचा अलार्म खुणा ओळखून देतो याची सवय झालेली असते, आणि पाचव्यावर का ते वर सांगितलंच.

खूणच दिसत नसेल तर ट्रेंडचे, म्हणजे आकडे वेळेप्रमाणे कसे बदलतात ते विचारणारे, प्रश्न जास्त कर. समजा पोटाचं ऑपरेशन झालेली बाई, आठ वाजता बीपी १२८/७८ नाडी ८४, नऊला ११६/७२ आणि ९८, दहाला १०४/६८ आणि ११६. बीपीचा एकेक आकडा सुटा बघितला तर घाबरण्यासारखा वाटत नाही, नाडी जरा वाढलीय एवढंच कुणी म्हणेल. पण ओळीने वाचलं तर बाई आत कुठेतरी ब्लीड होतेय. आपल्या टीपीआर चार्टवर, ताप-नाडी-श्वासाच्या तक्त्यावर, हेच असतं, फक्त आपण आपल्या शिफ्टचा आकडा लिहितो आणि मागचे वाचत नाही. उद्यापासून लिहिण्याआधी मागचे तीन आकडे वाचायचे, प्रत्येक पेशंटचे. याला वेगळा वेळ लागत नाही.

अर्थ लावताना चुकत असेल तर जोड्या लावून अभ्यास कर, जिथे एकाच खुणेने पुढचं सगळं बदलतं अशा जोड्या. बाळंतिणीचं गर्भाशय मऊ लागतंय, ब्लीडिंग आहे, तर आधी मसाज. गर्भाशय कडक आहे पण नाभीच्या वर आणि उजवीकडे सरकलंय, तर मूत्राशय भरलंय, आधी लघवीला ने. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर आवाज थोडा बसलाय, हे अपेक्षित, नजर ठेवायची. ओठांभोवती मुंग्या येतायत, कॅल्शियम घसरतंय. श्वास घेताना कर्कश, उंच पट्टीतला आवाज येतोय, स्ट्रायडॉर, श्वासमार्ग बंद व्हायला लागलाय, इथे एक मिनिट घालवायचा नाही. डीकेएचा, म्हणजे साखर वाढून रक्तात आम्ल साठलेला मधुमेहाचा पेशंट, साखर ४८०, हात इन्सुलिनकडेच जाणार, पण पोटॅशियम ३.१ लिहिलंय, आणि इन्सुलिनने पोटॅशियम अजून पेशीत ढकललं जाणार, हार्टची लय बिघडू शकते, म्हणून आधी पोटॅशियम भरायचं. पोटॅशियम ५.२ असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. अशा जोड्या तू स्वतः तयार करायला लागलीस की समजायचं गाडी रुळावर आली. रोज एक केली तरी पुष्कळ.

मार्कांचं थोडं. आता अर्धवट बरोबर उत्तराला पण मार्क मिळतात, पण सगळीकडे एकसारखे नाहीत. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ यात बरोबरला एक मिळतो आणि चुकीच्या टिकला एक कापला जातो, शून्याच्या खाली जात नाही एवढंच. म्हणून तिथे ‘असू दे, हे पण बरोबर असेल’ म्हणून जास्तीचं टिक करणं महागात पडतं, खात्री असेल तेवढंच. जिथे किती निवडायचे ते सांगितलंय, किंवा प्रत्येक ओळीत एकच टिक करायचंय, किंवा गाळलेल्या जागेत ड्रॉपडाउनमधून निवडायचंय, तिथे कापत नाहीत, तिथे काही रिकामं सोडू नकोस. काही प्रश्नांत कारण आणि परिणाम अशी जोडी असते, तिथे मात्र जोडीतलं दोन्ही बरोबर असेल तरच मार्क. बो-टायमधे मधे आजार, एका बाजूला दोन कामं, दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवायच्या दोन गोष्टी. मधलं आधी भर, कडेचं आपोआप सुचतं. मधलं सुचत नसेल तर कडेपासून सुरू करून बघ, कधी कधी उलटं पण उलगडतं.

वॉर्डातली प्रॅक्टिस वेगळी काढून सांगते कारण तुझ्याकडे ती आहे आणि नुसता क्लास करणाऱ्यांकडे नाही. हँडओव्हर घेताना एकच पेशंट मनात धर आणि हँडओव्हर संपायच्या आत स्वतःला विचार, आज याला काय बिघडू शकतं, बिघडलं तर पहिली खूण काय दिसेल, दिसली तर मी माझ्या अधिकारात पहिलं काय करीन. शिफ्ट संपताना बघ काय झालं. दोन ओळी वहीत लिही, पेशंटचं नाव, बेड नंबर काही न लिहिता, ते कुणाचं खाजगी आयुष्य आहे. आणि एक नक्की, परीक्षेत आरएन जे करते ते इथे तुझ्या हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलमधे नसेल तर इथे करायचं नाही, मनात ठरवायचं फक्त.

इंग्रजीचं घरच्यांना सांग, तसं नाही. नर्सेस नोट्सचं इंग्रजी कठीण नसतं, ठरावीक शे-दोनशे शब्द फिरून फिरून येतात, डायफोरेटिक म्हणजे घामाने डबडबलेला, लेथार्जिक म्हणजे मलूल, गार्डिंग म्हणजे पोटाला हात लावू देत नाही, क्लॅमी म्हणजे अंग गार आणि ओलसर. असा शब्द आला की तुझ्या एखाद्या पेशंटचा चेहरा त्याला जोड, डिक्शनरीपेक्षा ते टिकतं. वेळ जातो तो वाचनात नाही, एकच टॅब चार वेळा वाचण्यात जातो. केसमधे नोट्स, व्हायटल, लॅब, ऑर्डर असे वेगवेगळे टॅब असतात आणि पुढच्या प्रश्नाला त्यात नवीन माहिती येऊ शकते, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला नवीन काय आलं तेवढंच आधी बघायचं.

नोकरी सोडू नकोस. पगार तर आहेच, पण वर सांगितलेली प्रॅक्टिस तुझी ड्युटी आहे म्हणून होणार आहे. कोचीचे क्लास चांगले असतील, ज्याचा विषयच कच्चा आहे त्याला उपयोग होईल, तुझा तसा नाही. त्यापेक्षा एनक्लेक्स देणाऱ्या दोघी-तिघी शोध, सीपीआर हॉस्पिटलला कुणी असेल, खाजगीत कुणी असेल, आठवड्यातून एकदा बसा. एकीने केस मोठ्याने वाचायची आणि दुसरीने पर्याय न बघता ठरवून दाखवायचं, तिसरीने विचारायचं का. हे ‘का’ विचारणारं माणूस एकटीने अभ्यास करताना नसतं. नमुना प्रश्न आणि टेस्ट प्लॅन एनसीएसबीएन स्वतः फुकट देते, ते आधी बघा, पैसे नंतर खर्च करा. आणि ‘खरे पेपर’ विकणारे एजंट असतात ना, त्यांना दारात पण उभं करू नकोस. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही असं प्रत्येक उमेदवार मान्य करूनच बसतो, त्यात अडकलीस तर निकाल, लायसन्स सगळंच धोक्यात. शिवाय कॉम्प्युटर तुझ्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न निवडत जातो, तुझा पेपर दुसऱ्या कुणासारखा असणारच नाही.

त्यावरून आठवलं, मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, आणि प्रश्न कठीण व्हायला लागले तर घाबरायचं नाही, तुझी उत्तरं बरोबर जातायत म्हणून पण ते कठीण येतात. ८५ ला बंद झाला म्हणजे पास किंवा नापास असं काही नसतं, कॉम्प्युटरला ९५ टक्के खात्री झाली की तो थांबतो, दोन्हीकडची. मोजत बसू नकोस.

सेंटर मुंबई घेतलं असशील तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरून तशीच परीक्षेला जायचा बेत असेल तर बदल. आदल्या दिवशी पोच, कुणाकडे तरी मुक्काम कर, नीट झोप. पासपोर्टवरचं नाव आणि एटीटीवरचं, म्हणजे परीक्षेला बसायच्या परवानगीपत्रावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते आजच बघ, लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं इथे अडतं आणि ते शेवटच्या आठवड्यात दुरुस्त होत नाही.

या रविवारपासून सुरू कर. नाईट करून आलेला दिवस सोडून रोज दोन केस, पर्याय झाकून, चुकीपुढे पायरी. दोन आठवडे झाले की मला परत लिही, त्यात टक्के लिहिले नाहीस तरी चालेल पण सहा पायऱ्यांपुढे किती किती चुका आल्या ते आकडे पाठव, मग उरलेल्या आठवड्यांची जोडणी त्यावरून लावू.